तो पास्मा नव्हता

आमच्या रोसारियोत कुणाच्या हाताला कंप सुटला की माणसं आधी माझ्याकडे येतात, मग डॉक्टरकडे. मी अंग चोळून देणारी चारिंग, धाकट्यांची आलिंग चारिंग. शिरेवर माझं बोट पडलं की दुखणं आपणहून नाव सांगतं, असं मीच लोकांना सांगत आले. म्हणून सिद्राच्या बाबतीत जे झालं त्याचा निम्मा दोष माझा. उरलेला निम्माही बहुतेक माझाच.

सिद्रा माझी कुमारे, म्हणजे मानलेली बहीणच. तिच्या मुलाची, रोडेलची, मी बाप्तिस्म्याची आई. नवरा गेला तेव्हा पोरगं सहा वर्षांचं होतं, आणि तेव्हापासून सोळा वर्षं ती मासळीला धुरी द्यायच्या भट्टीपुढे उभी आहे. टोपल्यांत मासे रचायचे, खाली लाकडाचा भुसा धुमसत ठेवायचा, मासा सोनेरी झाला की उचलायचा. जरा उशीर झाला की काळा ठिक्कर. बाकीच्या बायका डोळे पुसत बाहेर पळायच्या. ही धुरात उभी राहून दुसऱ्यांच्या सुनांची टवाळी करायची. स्वतःची सून आली, अनालिन, तेव्हा मात्र म्हणाली, "पोरगी कमी बोलते, म्हणून आवडते मला. घरात बोलायला मी एकटी पुरे आहे."

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या पोटात गाठी निघाल्या. गर्भाची पिशवी काढावी लागेल, डॉक्टर म्हणाले. रोडेल बोटीवर होता, त्यामुळे इस्पितळात सोबत अनालिनच. आठवड्यानं सिद्रा घरी आली. एप्रिलचा उकाडा, अंगाला औषधांचा वास. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे म्हणून अनालिननं तिला नळाच्या पाण्यानं आंघोळ घातली.

दोन दिवसांनी सुरू झालं. बसल्या जागी छातीतून वाफ उठायची, तोंड लालबुंद व्हायचं, कपडे घामानं चिंब, आणि लगेच हुडहुडी. झोप उडाली. पेजेत मीठ जास्त पडलं म्हणून ही बाई हमसून हमसून रडली. सोळा वर्षांत मी तिला एकदाच रडताना पाहिलं होतं.

मी तिचा हात हातात घेतला. तळवा ओला, बोटं कापत होती.

"आंघोळ केलीस?"

"सुनेनं घातली."

"गार पाण्यानं?"

"मग काय दुधानं घालेल?"

"पास्मा!" मी असं ओरडले की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तापल्या अंगाला गार पाणी लागलं की पास्मा होतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि हे तर भट्टीपुढे तापलेलं अंग! एका बादलीनं सगळी आच आत कोंडली, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून दिलं. अनालिन दोनदा म्हणाली, "आलिंग चारिंग, यांना इस्पितळात नेऊया." मी म्हटलं, "तिथूनच तर हे दुखणं आणलंयस."

कोमट मिठाच्या पाण्यात हात बुडवून झाले, लसणीचं तेल चोळून झालं. गुण काही येईना. भट्टीपाशी बसून नुसती देखरेख करायची, तीही तिला जमेना. दोन टोपल्या जळाल्या. त्या संतापात ती सुनेवर उलटली. "मारायला बसलीस मला? जा तुझ्या आईकडे. परत येऊ नकोस!"

अनालिनला चौथा महिना होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि कपडे बांधून माहेरी गेली. मी वर म्हटलं, "चोराच्या मनात चांदणं."

महिन्यानं तपासणीला मीच सोबत गेले. डॉक्टरीण तरुण, गोड बोलणारी, सिद्रालाही नानाय म्हणजे आई म्हणणारी. सिद्राचं सगळं ऐकून ती चकित झाली.

"नानाय, हे होणारच होतं. गाठी सगळीकडे पसरल्या होत्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढावी लागली. पाळी जाताना बाईच्या अंगातले हार्मोन वर्षानुवर्षं हळूहळू आटतात. तुमचे एका दुपारी संपले. त्यामुळे अंग गरम-गार होतं, रडू येतं. गोळ्या देते, बरंच बरं वाटेल. पण इतके दिवस काढलेत कशाला? सुनेला सगळं समजावलं होतं. सही तिनंच केली. फार रडत होती."

"म्हणजे आंघोळीनं नाही झालं हे?" सिद्रानं विचारलं.

"आंघोळीनं काय होणार?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सिद्रा गोळ्यांची चिठ्ठी उचलून माझ्याकडे न बघताच बाहेर पडली. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

इस्पितळातून आम्ही तशाच अनालिनच्या माहेरी गेलो. ती दारात टोपली घेऊन लसूण सोलत बसली होती. सासूला बघून उठली.

"माझ्या इतक्या शिव्या खाल्ल्यास," सिद्रा म्हणाली, "आणि खरं काय ते बोलली का नाहीस गं?"

"आत नेताना तुम्हीच माझा हात धरून बजावलंत, नानाय. म्हणालात, काय काढायचं ते काढू दे, पण मला सांगू नकोस. मी अर्धीच बाई उरले, हे मला कळायला नको."

सिद्रा पायरीवर बसली. तेवढ्यात वाफ उठली. मान लाल झाली, घामाच्या धारा लागल्या. अनालिन शेजारी बसून हातातल्या टोपलीनंच तिला वारा घालू लागली.

"आता सांग मग," सिद्रा म्हणाली. "काय काय गेलं माझं, आणि उरलं काय?"

अनालिननं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जीभ उरलीय, नानाय. तिला डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही."

सिद्रा पोटाची जखम दाबून हसली, हसता हसता रडली, आणि घामानं थबथबलेलं तोंड सुनेच्या खांद्यावर टेकून म्हणाली, "चल गं घरी. तू नसलीस तर ओरडू कुणावर?"