भूगोलाच्या जागी गणित

दहावीला नव्वदच्या वर मार्क घेतलेल्या पोरांच्या आई-बापांनो, आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. लातूरला रूम करून दिली, क्लास लावला, मेस लावली, आणि पोरगं फोनवर चार शब्दांच्या वर बोलत नाही.

माझीही हीच तक्रार होती.

त्या तक्रारीचं कारण मीच आहे, हे मला दाखवून देणारे बिराजदार सर आज पहाटे लातूरला वारले. ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवायचे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या श्रावणीला घेऊन मी हदगावहून अकरावीच्या ॲडमिशनला गेलो. विषयांचा फॉर्म मीच भरला होता. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. गणिताच्या जागी भूगोल.

टेबलाशी बिराजदार सर बसले होते.

"गणित का सोडलं?"

"मेडिकलची नीट द्यायचीय सर. भूगोल सोपा जातो. ओझं कमी."

"पोरीला विचारलं का?"

"ती काय न्हाई म्हणून राहिली का?"

श्रावणी खाली बघत उभी होती.

सर म्हणाले, "बायोलॉजी राहू द्या. सोबत गणितबी ठेवा. नीट हुकली तर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, स्टॅटिस्टिक्स, समदं मोकळं ऱ्हातंय. गणित सोडलं की तिकडचा फॉर्मबी भरता येत न्हाई."

मी व्यासपीठावर बोलणारा माणूस. चारचौघांत हरायची सवय नाही.

"सर, तुमच्या वर्गात पोरं उरली न्हाईत म्हणून गिऱ्हाईक बघून राहिलात का?"

रांगेतले बाप हसले.

सरही हसले. "व्हय. सतराच हायती. अठरावी आली तर लई बरं."

मी फॉर्म तसाच दिला. भूगोल.

त्याच महिन्यात तीन गुणगौरव समारंभांत मी मुलींच्या निवडीच्या हक्कावर तावातावाने बोललो होतो. टाळ्याही घेतल्या होत्या.

ऑगस्टमध्ये सरांचा फोन आला.

"विषय बदलायची शेवटची तारीख शुक्रवार हाय. पालकाची सही लागती. या एकदा."

"कुणी सांगितलं विषय बदलायचाय म्हणून?"

"महिना झाला, तुमची पोरगी माझ्या वर्गात येऊन बसती. हजेरीला नाव न्हाई. तरी येती."

मी भांडायलाच गेलो. सरांनी ऑफिसात न नेता थेट वर्गात नेलं, मागच्या बाकावर बसवलं. "इथं बोलायचं न्हाई," एवढंच म्हणाले.

श्रावणी फळ्यावर गणित सोडवत होती. सर म्हणाले, चुकलं.

ती म्हणाली, "न्हाई सर, तुमची एक स्टेप सुटली."

आणि बोलत राहिली. खडू मोडला, दुसरा घेतला, बोलतच राहिली. शेवटी सरांनी मान हलवली. "बरोबर हाय तुझं."

घरी चारच शब्द बोलणारी माझी पोरगी.

मी सही केली.

नीटला मार्क बेतास बात पडले. ती आज नांदेडला स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ॲडमिशनच्या वेळी तिथे पहिला प्रश्न होता, बारावीला गणित होतं का.

होतं.

सकाळी तिचाच फोन आला.

"पप्पा, सर गेले. मी लातूरला निघाले. तुम्हीबी या."

मग म्हणाली, "तुम्ही त्यांना गिऱ्हाईकाचं बोलला होतात. माफी मागितली का कधी?"

नाही मागितली.

हे बसमध्ये बसून लिहितोय. सर, चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच माफी मागतो. तुमची अठरावी पोरगी तुम्हाला शेवटचा नमस्कार करायला येते आहे. मीही येतो आहे.

आणि आई-बापांनो, या पोस्टखाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. अकरावीचे विषय बदलायची मुदत अजून आहे. उद्या कॉलेजातून कोरा फॉर्म आणा, पालकांच्या जागी आधी तुमची सही करा, आणि तो तसाच पोराच्या हातात द्या.