आईच्या श्वासाचा ग्राफ

आधीच सांगून ठेवतो, मी देवाला हात जोडतो तेही बायकोच्या धाकाने. भुताखेतांचा तर प्रश्नच नाही. गोंदियाजवळ कुडव्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, यावरच माझं पोट चालतं. तरी हे लिहितोय, कारण गेल्या आषाढापासून मला धड जेवण जात नाही.

आमचं घर कामठ्याला. झोपेत आईचा श्वास अडकतो, म्हणून डॉक्टरांनी मास्कचं मशीन दिलंय. झोपेतला प्रत्येक श्वास त्यातल्या मेमरी कार्डवर नोंदला जातो. ते कार्ड वाचणारं एक ओपन-सोर्स सॉफ्टवेअर मला सापडलं. दुकानात रिकामा असा एकच लॅपटॉप होता, आणि त्यावरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला आमचा सपोर्ट नाही, असं त्या प्रोजेक्टने स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे सोर्स कोड उतरवून त्यातून चालणारं सॉफ्टवेअर स्वतःच तयार करायचं, म्हणजेच बिल्ड करायचं. मी पडलो हट्टी... आठ दिवस एररशी झटत बसलो. शेवटी बिल्ड झालं, तर ग्राफ कोरा!

कारण सापडलं. आतली बॅटरी गेल्यामुळे लॅपटॉपची तारीख कित्येक वर्षं मागे अडकली होती. त्यामुळे आईच्या सगळ्या नोंदी त्याला भविष्यातल्या वाटायच्या — आणि भविष्यातली नोंद टाकून द्यायची, अशी एक ओळ कोडमध्ये होती. कशाला डोकं लावायचं? ती ओळच मी काढून टाकली. पुन्हा बिल्ड केलं. ग्राफ आला. स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड काढून खिशात टाकलं आणि दुकानात आलो. कार्डाविना मशीन चालतं, फक्त नोंद होत नाही. दुपारी दोनला ग्राफ उघडला. रात्रीचे श्वास दिसले... आणि त्यापुढे आजची दुपार. दीडपासून श्वास नोंदलेले. कार्ड तर सकाळपासून माझ्याजवळ! रेघ तशीच पुढे, दोन चाळीसपर्यंत. तिथून सपाट. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

बायको शेतात धानाच्या रोवण्यावर गेलेली, फोन उचलेना. गाडी काढली. घरी पोचलो तर आई मास्क लावून झोपलेली, मस्त घोरत होती. स्वतःलाच शिव्या घातल्या, तरी खाटेजवळ बसलो. दोन चाळीस झाले. आईची छाती वर आली नाही. दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं... मग मास्क ओढून काढला आणि तिला गदागदा हलवलं. ओठ निळे पडले होते. बऱ्याच वेळाने तिने एक मोठा श्वास ओढला आणि डोळे उघडले.

"काऊन उठवलास रे? चांगली झोपून राहिली होती मी."

मी रडलो.

डॉक्टरांनी मशीनचं प्रेशर वाढवून दिलं. आई आता ठणठणीत आहे. नव्या कॉम्प्युटरवर तिचं कार्ड टाकलं की ग्राफ चांगला येतो. पण तेच कार्ड त्या लॅपटॉपवर टाकलं की... त्या दुपारच्या दोन चाळीसनंतर एकही श्वास नाही. दिवस वाढत जातात, रेघ सपाट. बग असेल. प्रोजेक्टवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, या सिस्टीमला आमचा सपोर्ट नाही.

घरी आलो की आई विचारते, "आज कसा हाये माजा श्वास?" मी म्हणतो, मस्त. ती झोपली की तिच्या नाकाजवळ बोट धरून बसतो. श्वास लागतो बोटाला. रोज लागतो. तरी बोट मागे घ्यायची हिंमत होत नाही.