तितरांसाठी घेतलेलं पिल्लू

कुत्रं पक्ष्यामागे धावलं की लोक खूश होतात. आमच्या सासऱ्यांना नेमकं उलटं हवं होतं. तितराचा वास आला की कुत्र्याने जागीच थिजायचं. नाक पक्ष्याकडे, शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला. बंदूकवाला जवळ येईपर्यंत, पक्षी उठेपर्यंत, बार होईपर्यंत आणि बार झाल्यावरही तसंच उभं राहायचं. असं कुत्रं आमच्या भागात कोणाकडे नव्हतं. अमरावतीच्या एका वकिलांकडे मात्र अशा इंग्रजी जातीची कुत्री होती. ते सासऱ्यांचे शिकारीचे सोबती. त्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा त्यांनी एक आम्हाला दिलं. पांढरं, अंगावर तपकिरी डाग, कान पळसाच्या पानाएवढे. त्याचं इंग्रजी नाव घरात कोणाच्याच जिभेवर बसलं नाही, म्हणून ते पिल्लूच राहिलं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर आणि चांदूर रेल्वे यांच्या मधलं. काळी जमीन, कपाशी, तूर, ज्वारी. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आमचे हे अकोल्याला कापसाच्या एका जिनात कारकून होते आणि रविवारी घरी येत. बाकीचे दिवस घरात मी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे, सासूबाईंना आत्याबाई. मामाजींच्या गुडघ्याने दगा दिला होता. पिल्लामागे रोज दोन-दोन तास हिंडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"मी शिकवतो त्याले," मी म्हणाले.

मामाजींनी पानाचा डबा बंद केला. "तुले काय समजते कुत्र्यातलं?"

"मले गोऱ्ह्यातलं समजते. माहेरी तीन गोऱ्हे मीच वळवले. चार पायांचं जनावर, कासरा लावला का सारखंच."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "अन् सकाळच्या भाकरी कोन थापन? ते पिल्लू?"

आत्याबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण मला सकाळी वावरात जायचं होतं. माझं माहेर तिवस्याकडचं, भाजीपाल्याचं. उजाडायच्या आत वाफ्यात उतरायची सवय मला लहानपणापासूनची. सासरी मात्र सकाळ धुरात जाई. दुपारनंतर ज्वारी राखायला मचाणावर बसायची तेवढीच मोकळीक.

मामाजींनी निवाडा दिला. संक्रांतीपर्यंत सकाळचे दोन तास माझे. संक्रांतीला पिल्लू तितरापुढे नीट उभं राहिलं, तर पुढेही सकाळी मी वावरात, आणि भाकरीला बाई ठेवायची. नाही राहिलं, तर पिल्लू वकिलांकडे परत आणि मी चुलीपाशी. आत्याबाईंनी हे दोनदा वदवून घेतलं.

भाद्रपदात मी कामाला लागले. तुराटीच्या टोकाला दोरी, दोरीला तितराचा पंख. पंख जमिनीवरून सरकवायचा, पिल्लू झडप घालायला गेलं की उचलून घ्यायचा. चार-पाच दिवसांत त्याला कळलं की धावून काही हाती लागत नाही. मग ते थबकून पाहायला लागलं. थबकलं की मी "थांब" म्हणे आणि पाठीवर हात ठेवी. इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. गोऱ्ह्याला याच्या तिप्पट दिवस लागतात.

दिवाळीनंतर खरा पक्षी लागणार होता. गावाबाहेर फासेपारध्यांचा तळ पडला होता. तिथल्या एका बाईकडून मी जिवंत तितर आणला. बदल्यात तिने ज्वारीची कणसं आणि माझी एक जुनी चोळी घेतली. जाताना म्हणाली, "बाई, डाल्याखाली ठेवजो, नाईतर मांजर शिकन आंदी." डालं म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली. मी ते तुरीत दडवून ठेवी, वर पाला टाकी आणि पिल्लाला लांब कासरा लावून वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने आणी. वास लागला की ते असं थांबे, जसं कोणी जमिनीत रोवलं आहे. नाकपुड्या तेवढ्या हलत. मामाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठी टेकून बघत. खूश झाले की त्या दिवशी जेवताना दूध मागत.

बंदुकीच्या बाराचा आवाज कुत्र्याला भिववतो, म्हणून त्याची सवय लहानपणीच लावावी लागते. मी मचाणावर राखणीला बसे तेव्हा पिल्लू खाली खांबाला बांधलेलं असे. पाखरांचा थवा कणसांवर उतरला की मी रिकामा डबा बडवी, गोफणीने खडा सोडी, "हाऽऽ" करून ओरडे. पिल्लू पहिल्या दिवशी दचकलं, चौथ्या दिवशी शेपूट हलवायला लागलं. मग मी त्याला मोकळंच सोडायला लागले. डबा वाजला की ते ज्वारीत घुसे आणि पार टोकापर्यंत पाखरं उठवून येई. आलं की मी पदरातला भाकरीचा तुकडा देई. मला वाटलं, एका बैठकीत दोन कामं होताहेत. आपण किती हुशार, असं वाटण्याचे दिवस आयुष्यात फार नसतात. माझे ते होते.

संक्रांतीला पंधरा दिवस असताना वकील आले. बडनेऱ्याला गाडी बदलून चांदूरला उतरले, तिथून आमची बैलांची दमणी. सोबत दोन नळ्यांची बंदूक आणि एक छत्री. सकाळी आम्ही तिघं आणि पिल्लू तुरीच्या कडेने निघालो. धुऱ्यावर बोरीचं एक झुडूप होतं. त्याच्या दहा पावलं अलीकडे पिल्लू थांबलं. पाय उचललेला, शेपूट ताठ.

"वा!" वकील हळूच म्हणाले. "आईवर गेलंय."

मामाजी माझ्याकडे पाहत नव्हते, पण त्यांची मान वर होती. वकील पुढे झाले. फर्रकन चार तितर उठले. बार झाला. एक पडला.

आणि पिल्लू सुटलं. पडलेल्या पक्ष्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. ते तुरीत घुसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, आणि त्या वावरातलं, शेजारच्या वावरातलं, त्याच्या पलीकडच्या वावरातलं होतं नव्हतं ते पाखरू त्याने उठवलं. तितर, लावे, होले, पोपट. आकाशात नुसता कालवा. मामाजी शिट्ट्या घालत होते, मी "थांब, थांब" करत होते. सगळं शिवार रिकामं करून ते धापा टाकत परत आलं, माझ्यापुढे बसलं आणि माझ्या पदराकडे बघायला लागलं.

वकिलांनी बंदूक उघडून रिकामं काडतूस काढलं. "सूनबाई, कुत्रा काही म्हणा, उत्तम तयार केलाय. ज्वारी राखायला."

मामाजींचे कान लाल झाले. "हसून राहिले तुमी."

"हसू नको तर काय करू? उरलेले तितर आता तुमच्या चांदूरला गेले असतील. मी संक्रांतीला येतो. असंच असलं तर गाडीत घालून नेतो."

घरी अंगणात आल्यावर मामाजी एवढंच म्हणाले, "पंधरा रोज हायेत तुह्याकडं."

कुठे चुकलं ते मला दुपारी मचाणावर कळलं. पोपटांचा थवा आला, मी सवयीने डबा बडवला आणि खाली पाहिलं. पिल्लू सकाळसारखंच सुटलं होतं. तेच धावणं, तेच परत येऊन बसणं. मी डबा हातात धरून तशीच बसून राहिले. सकाळी मी त्याला सांगत होते, पक्ष्यापुढे उभं राहा. दुपारी मीच सांगत होते, मोठा आवाज झाला की सगळे पक्षी हाकल आणि भाकरी घे. ते बिचारं दोन्ही नीट शिकलं होतं. वर्षानुवर्षं पाखरं हाकलणाऱ्या घरात पक्ष्यापुढे थिजून उभं राहणारं कुत्रं वाढवायचं, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता.

संध्याकाळी मी सरळ मामाजींसमोर गेले. "पंधरा रोज मी राखणीले बसत नाई. पिल्लू मचाणापाशी जाऊ द्यायचं नाई."

"अन् ज्वारी कोन राखन?"

मी चुलीकडे पाहिलं. आत्याबाईंनी ते ओळखलं. "मी? या वयात मी मचाणावर चढू?"

"तुमीच तं म्हणता आत्याबाई, त्यात काय काम हाय, नुसतं बसून राहाचं."

मामाजींना एकाएकी खोकला आला. आत्याबाई त्यांच्याकडे रोखून पाहत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. "पंधरा रोज बसीन. मंग जलमभर चुलीपाशी राहशीन तू. ध्यानात ठेवजो."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळ-दुपार पिल्लाला गावाच्या दुसऱ्या अंगाला, बाभळीच्या वावरात न्यायला लागले. दोन कासरे एकत्र गाठले, एक टोक बाभळीला, एक पट्ट्याला. डाल्याखाली तितर. पिल्लू उभं राहिलं की मी डबा वाजवी. ते उसळे, कासरा ताणला जाई, ते आपटे. मी त्याला उचलून पुन्हा नेमक्या त्याच जागी आणून ठेवी, पाठीवर हात, "थांब". पहिल्या दिवशी किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण संध्याकाळी मला भाकरीचं पीठ मळवेना. भाकरी आता फक्त उभं राहिल्याबद्दल. सुटलं तर काही नाही, रागावणंही नाही. रागावलं की जनावराला वाटतं आपण महत्त्वाचं काहीतरी केलं.

लांबून आत्याबाईंचा डबा ऐकू येई. त्यांचा हात माझ्याहून भारी होता आणि आवाज तर विचारूच नका. पिल्लाचे कान तिकडे वळत. सहाव्या दिवशी तो आवाज आला, पिल्लाने कान वळवले, आणि पाय हलवला नाही. त्यानंतर आत्याबाईंचे उपकार मी मनात मानत असे. त्यांना सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी मामाजींनी दोन काडतुसं खर्च केली, हवेत. पहिल्या बाराला पिल्लू दोन पावलं गेलं आणि थांबलं. दुसऱ्याला थरथरलं, पण गेलं नाही.

संक्रांतीला वकील तिळगूळ घेऊन आले आणि छत्री विसरून आले. या खेपेला मामाजी म्हणाले, "पहिला बार माहा." कासरा मी सोडून घेतला होता. तुरीच्या मध्यावर पिल्लू थांबलं. मामाजी गुडघा सावरत पुढे गेले. सहा तितर एकदम उठले, अगदी पायाखालून. मामाजींनी एक बार काढला, लगेच दुसरा. सहाच्या सहा तितर उडत धुऱ्यापलीकडे गेले. धूर विरला.

पिल्लू जागेवर होतं. उचललेला पाय त्याने खाली ठेवला आणि मामाजींकडे वळून पाहिलं.

"कुत्र्याचं तर झालं," वकील म्हणाले. "आता शिकवणी कोणाची?"

"गुडघा दुखून राहिला," मामाजी म्हणाले. "अन् उजेड डोळ्यावर होता."

"उजेड तर पाठीवर आहे."

मामाजींनी बंदूक खांद्यावर टाकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून भाकरीले शेजारची बाई येईन. तिले सांगून ठेवजो."

आत्याबाईंना हे मचाणाखाली जाऊन मीच सांगितलं. वर त्यांच्या भोवती गल्लीतल्या तीन बाया हुरडा खात बसल्या होत्या. आत्याबाई वरूनच म्हणाल्या, "बरं. माह्यासाठी इथंच पाठवजो दोन भाकरी." आणि डबा बडवला.