पैलवानाची सव्वा मूठ

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड गोड पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे, घरच्या जात्यावर दळायचे आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याच्या तोंडी कणसुद्धा जाता कामा नये. आणि ज्याची मूठ टाकली त्याच्या पोटात त्याचा वाटा गेलाच पाहिजे, हा माझ्या सासूचा कायदा. सरकारचे कायदे पुष्कळ होते, पण आमच्या घरात हाच चालायचा.

दुसरी लढाई पेटायच्या आधीची गोष्ट. त्या वर्षी कानबाई आली तेव्हा माझा नवरा धुळ्याला कोठडीत होता. सासूने त्याची मूठ टाकली ती टाकलीच.

कोठडीत गेला तो एका पैलवानापायी. अख्ख्या खानदेशात त्याचं नाव होतं. तो जत्रेला येणार म्हटलं की बायासुद्धा चुलीवरचं उतरवून बघायला धावायच्या. मी नाही गेले कधी. "त्याच्यापेक्षा बैल बरा, निदान नांगराला जुंपता येतो," असं मी म्हणायची आणि नवरा चिडायचा. नवऱ्याची बैलगाडी होती. चैत्रातल्या जत्रेला पैलवानाला गाडीतून न्यायचा मान त्याला मिळाला, तेव्हा गड्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

पैलवानाने कुस्ती मारली. हरलेल्याच्या माणसांनी शिव्या दिल्या. पैलवानाने त्यातल्या एकाला उचलून असा आपटला की त्याची मांडी मोडली. माझा नवरा तेव्हा बैल सोडत होता. जुवाची शिवळ, ती लाकडी खुंटी, हातात तशीच घेऊन हा शहाणा मध्ये धावला. एकाच्या खांद्याला ती लागली. खांदा सुजला, बस, एवढंच.

दोघांनाही धरलं. पैलवानाला जामीन राहायला त्याच दिवशी कापसाचे जिनवाले शेठ काय, मोठे जमीनदार काय, रांग लागली. आमच्यासाठी मी भाऊबंदांच्या दारोदार फिरले. रोटाला पंगत धरून बसणारे हे लोक, पण कोर्टाचं नाव काढताच एकाची कंबर धरली, दुसऱ्याला लग्नाला जायचं होतं. नवरा आत राहिला तो राहिलाच.

निकाल श्रावणातच लागला. सासूने त्याच्या वाट्याचा रोट फडक्यात बांधून दिला आणि बजावलं, "त्याच्याच हातात दे. मधे कोठे सोडू नको."

कोर्टात मी भिंतीशी उभी होते. ज्याने मांडी मोडली तो घरी जेवतो आणि ज्याने खांदा सुजवला तो कोठडीत, हा कुठला न्याय! दोन शिव्या तयार ठेवल्या होत्या मी पैलवानासाठी. आणि मग तो दारातून आत आला.

माय वं! काय सांगू. दार भरून गेलं. शिपाई आपोआप बाजूला झाला. कारकुनाची लेखणी थांबली. दुसऱ्या शिपायाने त्याचा फेटा दोन्ही हातांनी धरला, देवाचा मुकुट धरावा तसा. तो पिंजऱ्यात उभा राहिला तर पिंजराच लहान वाटायला लागला. शेजारी माझा नवरा उभा होता. खरं सांगते, त्याच्याकडे माझं लक्ष नंतर गेलं.

साहेबाने निकाल वाचला. वकिलाने मग आम्हाला उलगडून सांगितला. पैलवानाच्या हातात शस्त्र नव्हतं, शिवाय त्याचा लौकिक मोठा, म्हणून तीन महिने साधी कैद. नवऱ्याच्या हातात शिवळ होती, म्हणून नऊ महिने सक्तमजुरी. एकच वकील, दोघांचं अपील त्याने एकदमच टाकलं. पैलवानाला दिवस मावळायच्या आत अपिलापर्यंत जामीन मिळाला. नवऱ्याच्या अर्जाला पुढची तारीख पडली.

नवऱ्याला मागच्या दाराने नेणार होते. मी फडकं घेऊन तिकडेच निघाले होते, पण पैलवान पुढच्या दाराने बाहेर आला आणि लोकांच्या लोंढ्यात मीही तिकडेच ओढली गेले. ओढली गेले असं म्हणते, पण पाय माझेच होते. तो माझ्यापुढे थांबला. एवढा मोठा माणूस, हात जोडून म्हणाला, "वहिनी, भाऊला मी सोडवून आणतो. काळजी करू नका."

माझ्या शिव्या कुठे गेल्या देव जाणे. डोळ्यांना धार लागली. काहीतरी द्यावं असं वाटलं आणि हातात होतं ते मी दिलं. त्याने फडकं सोडलं, रोट कपाळाला लावला आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला. लोक बघत होते. मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मागच्या दारी पोचले तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

पैलवान अपिलात दंड भरून सुटला. नवऱ्याच्या अर्जाला आणि अपिलाला तारखेमागून तारीख पडत गेली आणि नऊ महिने भरले. सोडवून आणायला कोणी आलं नाही. सासूला मी खोटंच सांगितलं होतं, दिला म्हणून.

तो घरी आला, निम्मा होऊन. सासूने पहिलं हेच विचारलं, "रोट गोड लागना का रे?" त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघून म्हणाला, "लागना माय."

मग मागच्या अंगणात त्याने मला विचारलं, कोणता रोट? मी सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभी राहिले. मारलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

"त्यानी खादा?" त्याने विचारलं.

"हो."

"बठ्ठा?"

"सगळा. कपाळाला लावून."

त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसला. दगड फोडून फोडून हातांची सालं निघाली होती, त्याच हातांनी त्याने माझा हात धरला. "मंग तो आते आपला भाऊबंद शे," म्हणाला. "औंदा त्यानी बी मूठ टाक."

असा संताप आला मला! "अहो, तो तुम्हाला विसरला," मी म्हटलं. "भाऊबंद तरी कुठे आठवण ठेवतात," तो म्हणाला. श्रावणात सासूची नजर चुकवून मी पैलवानाची सव्वा मूठ टाकली. त्याच्या वाट्याचा रोट नवऱ्याने खाल्ला, आधी कपाळाला लावून.

पैलवान आमच्या दारी कधीच आला नाही. सासू गेली, पुढे नवराही गेला. गेलेल्याची मूठ टाकत नाहीत, म्हणून नवऱ्याची बंद झाली. पैलवान गेल्याचं मात्र मला अजून कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याची टाकावी लागते.