उत्तमरावांनी पारखलेलं कारपेट

मंगरूळपीरच्या वेशीबाहेर उत्तमरावांचा दीड एकर भाजीपाला आहे. नव्या बियाण्यावर त्यांचा भरवसा नसतो. पुडी कितीही चकचकीत असो, आधी दोन सरी लावून पाहायच्या, जमलं तर बाकीचं. बायको पाहायलाही हा माणूस दोनदा गेला होता, असं प्रयागबाई सांगतात. दुसऱ्यांदा पाहून काय फरक पडला, ते सांगत नाहीत.

अशा माणसाला शेलूबाजार रस्त्यावरच्या आपल्या तीन भाड्याच्या खोल्यांसाठी कारपेट निवडायचं होतं. कारपेट म्हणजे लोकरीचं नव्हे. मीटरवर कापून मिळतं ते रबरासारखं, वर लाकडाचं नाहीतर फरशीचं चित्र. दोन खोल्या रिकाम्या होत्या. मधल्या खोलीत धम्मदीपा राहायची, दवाखान्यात नर्स. तिचा नवरा नागपूरला कामाला, पोरगी सात महिन्यांची.

"काका, पोरगी आता रांगाले लागन," ती एक दिवस म्हणाली. "कोब्याची माती निघून राह्यली. सगळी तोंडात घालन."

"लेकरू रांगाच्या आत खाली कारपेट राहीन," उत्तमराव म्हणाले. "हा माहा शब्द हाय, बाई."

शब्द दिल्यावर ते थेट बसस्टँडजवळच्या लखीरामच्या दुकानात गेले. लखीराम शाळेपासूनचा सोबती. गाद्या, ताडपत्र्या, कारपेट असं सगळं विकायचा. त्याने पाच रंग दाखवले. उत्तमरावांनी एकाचा हातभर तुकडा मागून घेतला आणि घरच्या दारात अंथरला. वाफ्यातून चिखलाचे पाय घेऊन येणाऱ्या बाया त्यावरून गेल्या. त्यावर फोडणीचं तेल सांडलं, खाट ओढली, गरम तवा टेकवला. तेलाचा डाग पडला. पहिला नमुना नापास.

दुसऱ्याचं चित्र घासलं गेलं. तिसऱ्याचे कोपरे उन्हात पापडासारखे वळले.

"घाई नका करू, उत्तमराव," लखीराम म्हणायचा. "अकोल्याहून नवा माल येऊन राह्यला."

बाकीचे दुकानदार माल गळ्यात मारतात, हा सोबती हात धरून थांबवतो, म्हणून उत्तमरावांना भरून यायचं. घरी पवन, त्यांचा पोरगा, म्हणायचा, "बरोबर हाय, बाबा. नीट पारखून घ्या." लग्न झाल्यापासून पवनला बापाचं काहीच पटलं नव्हतं, ते आता अचानक पटायला लागलं होतं. संशय यायला एवढं पुरे होतं. पण उत्तमरावांचं सगळं लक्ष तव्याकडे.

ते प्रत्येक नमुना धम्मदीपाला नेऊन दाखवत. आधी ती हसून सांगायची. पुढे पुढे "आता कायचा रंग, काका," म्हणून दार लोटायला लागली. उत्तमरावांना वाटलं, रंग आवडला नसेल. ते हिरवा घेऊन आले.

सहावा नमुना पास झाला. एव्हाना मे लागला होता. उत्तमराव टेप घेऊन खोल्यांचं माप घ्यायला गेले, तर रिकाम्या खोलीत खतवाला किसनसिंग आधीच टेप लावून बसलेला.

"या, काका. जरा ते टोक धरा."

उत्तमरावांनी टोक धरलं.

"तीनशे पोते बसतीन," किसनसिंग म्हणाला. "मधल्या भिंती पाडल्या की अजून तीनशे."

"कोन्त्या भिंती?"

"गोडाऊनच्या, काका. पेरणीच्या आत देतो म्हणे पवन. तुमी हो म्हन्लं ना?"

"आन् मधली बाई?"

"तिले तर दोन महिने झाले सांगतलं म्हणे. तुमच्याच नावानं."

उत्तमराव तसेच लखीरामकडे गेले. त्यांचा चेहरा पाहूनच लखीराम गल्ल्याच्या काचेवर फडकं मारायला लागला.

"पवन आला होता," तो म्हणाला. "म्हणे, काका, बाबाले नमुने देत राहा, त्याईचं मन रमते. तोवर मी उरकून घेतो. बाप-लेकाचं प्रकरण, म्या कायले बोलू?"

"लखीराम, चौथा नमुना सोळा दिवस माह्या दारात होता. तू येऊन पाहून गेला. चहा पेला."

"पेलो ना," लखीराम म्हणाला.

घरी प्रयागबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"तुले माहीत होतं?"

"सांगाले आले, तर तुमी मले तेलाचा डाग दाखवत होते," त्या जुडीकडे पाहत म्हणाल्या.

पवन मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "तुमाले इचारलं असतं, बाबा, तर तुमी गोडाऊनचाही नमुना मागतला असता."

उत्तमरावांना ओरडायचं होतं. पण खोल्या पवनच्या नावावर होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच करून दिल्या होत्या. त्या वेळी मात्र काहीच पारखून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मदीपाच्या दारात टेम्पो उभा होता.

"बाई, खोली सोडा म्हणून म्या नाई सांगतलं."

"दोन महिने तुमी मले रंग इचारत होते, काका, आन् पवनदादा खोली खाली करा म्हणत होते. मले वाटलं, एकानं गोड बोलाचं आन् एकानं कडू, असं तुमचं घरात ठरलं असन."

"मले माहीतच नव्हतं."

"तुमच्याच घरातलं? तुमालेच?"

टोमणा असता तर उत्तमरावांनी झेलला असता. ती खरंच विचारत होती. उत्तर द्यायचं तर तीन नावं घ्यावी लागत होती, आणि तिन्ही घरचीच. लखीरामलाही त्यांनी आजवर घरचाच धरला होता.

"माह्यं चुकलं," ते म्हणाले आणि उंबऱ्याजवळचा भांड्यांचा डबा उचलून टेम्पोकडे निघाले.

"राहू द्या, काका," धम्मदीपा म्हणाली. "माणसं लावले हायेत."

उत्तमरावांनी डबा खाली ठेवला.