चाळलेलं मैदान

आमच्या अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, लोक ओळखतात ते देशाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणून. घरी कुणी आलं की विचारतं, "लहानपणापासूनच वेड होतं का हो?" मी म्हणते, वेड होतं म्हणजे काय, घरात एक कपबशी धड राहिली नव्हती. पाहुणे हसतात, चहा पितात आणि जातात. खरी गोष्ट चहाच्या कपात मावत नाही, म्हणून मी ती कुणाला सांगत नाही.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. सोलापुरात अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, भुसार मालाचं दुकान होतं. घरात आम्ही कानडी बोलायचो, दाराबाहेर मराठी, आणि भांडण रंगलं की दोन्ही. अण्णा माझ्यापेक्षा थोडाच मोठा. मी कॉलेजात जात होते, तो गिरणीच्या संघात सेंटर फॉरवर्ड खेळत होता. तेव्हा गिरण्या चांगल्या खेळाडूंना नोकरीत घ्यायच्या. नाव सूतखात्यात, पण दुपारचा भोंगा झाला की स्वारी मैदानावर. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा केसांत कापसाचे तंतू आणि गुडघ्यांना काळी माती. अप्पा त्याच्याकडे न बघता अव्वाला, म्हणजे आईला, म्हणायचे, "पगार कशाचा घेतो विचार की त्याला. सुताचा का लाथा मारायचा?"

अप्पा मैदानावर कधीही गेले नव्हते. मी मात्र प्रत्येक सामन्याला जायचे. मैत्रिणी लाजायच्या, मी नाही. अण्णाला चेंडू मिळाला की तो मान खाली घालून असा काही सुटायचा की समोरचे दोघे-तिघे आपोआप बाजूला व्हायचे. अजूनही डोळे मिटले की मला तो तसाच दिसतो. त्या धुळीचा वासही येतो. आता तिथं इमारती झाल्या आहेत.

आम्ही लिंगायत, आमच्यात लहानपणीच गळ्यात लिंग बांधतात. अण्णाचं लिंग चांदीच्या करडगीत, म्हणजे छोट्या डबीत असायचं आणि ती दोऱ्यानं छातीवर रुळायची. अंघोळ झाली की त्याची पूजा, मगच जेवण. ते शरीरापासून दूर करायचं नाही, आणि हरवलं तर सापडेपर्यंत, नाहीतर स्वामींच्या हातून नवं मिळेपर्यंत, अन्नाला शिवायचं नाही. अव्वा या बाबतीत फार कडक होती.

आता फुटबॉलचा पंच काही आमच्यातला नव्हता. एका स्पर्धेत त्यानं सांगितलं, गळ्यातली धातूची वस्तू काढ, नाहीतर बाहेर बस. अण्णा बाहेर बसला. घरी आल्यावर त्यानं सुचवलं की चड्डीच्या नेफ्यात बांधतो. अव्वानं पोळपाटावरचं लाटणं उचललं. "बेंबीच्या खाली? शुद्धीवर हायस का तू?" शेवटी तिनंच तोड काढली. डबी घरात देव्हाऱ्यात ठेवायची, आतलं लिंग मऊ कापडात गुंडाळायचं आणि गंजीफ्रॉकच्या आतून छातीशी शिवलेल्या खिशात ठेवायचं. प्रत्येक सामन्याच्या आधी ती स्वतः खिशाचं तोंड दोऱ्यानं बंद करायची. पंचाचं समाधान झालं आणि अव्वाचंही.

त्याच उन्हाळ्यात अण्णाला बोलावणं आलं. देशाचा संघ निवडायचा होता आणि त्यासाठी हैदराबादला चाचणी होती. सोलापुरातून तो एकटाच. गिरणीत पेढे वाटले गेले. अप्पांनी एक पेढा घेतला आणि गल्ल्याशेजारी ठेवला. तो त्यांनी खाल्ला की नाही, मला कळलं नाही.

गाडीच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. मी अण्णाला म्हटलं, "उद्या जायचंय, आज कशाला पाय मोडून घेतोस?" तो म्हणाला, "गिरणीचं मीठ खातोय की गं." खेळला. दुष्काळानंतरचं मैदान होतं ते, वर हातभर धूळ आणि खाली काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. गोलसमोरच्या झटापटीत दुसऱ्या संघाच्या बॅकनं अण्णाचा कपडा धरून ओढला. जर्सी फाटली, गंजीफ्रॉकही फाटला. अण्णा तसाच निसटला आणि त्यानं गोल मारला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावर असतानाच त्याचा हात छातीवर गेला, आणि त्याचा चेहरा उतरलेला मी दुरून पाहिला.

दोन्ही संघांनी अंधार पडेपर्यंत शोधलं. विजेऱ्या आणल्या, भेगांत काठ्या घातल्या, सगळ्यांनी हातांनी धूळ उपसली. लिंगाची ती एवढीशी पुरचुंडी, पुन्हा धुळीनं काळी झालेली, आणि भोवती काळीच माती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शोधलं. मठातले स्वामी नेमके गावाबाहेर होते, महिनाअखेरीशिवाय परतणार नव्हते. अव्वानं अण्णासाठी म्हणून केलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधलेलीच राहिली. "पाणी तेवढं पी," ती म्हणाली. तिनं स्वतःही काही खाल्लं नाही.

मी अण्णाला म्हटलं, "थोडं खा, देव काय एवढा दुष्ट नाही." तो चिडला. "देवाचं न्हाय गं. अव्वाला काय तोंड दाखवू?" दुपारच्या गाडीनं तो गेला. स्टेशनवर मी एकटीच होते. बूट गळ्यात अडकवून तो खिडकीत बसला होता आणि ओठ कोरडे पडले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चाचणी होती.

गाडी हलली तशी मी तडक दुकानात गेले. अप्पा गिऱ्हाइकाला तूरडाळ मोजून देत होते. आमच्याकडे मुलींनी दुकानाची पायरी चढायची पद्धत नव्हती. मी चढले. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुमचा मुलगा उपाशी गेला, बायको घरात उपाशी पडली आहे, आणि तुम्ही इथं डाळ मोजताय!" माझा आवाज फाटला होता. अप्पांनी माप खाली ठेवलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते हमालांकडे वळून म्हणाले, "फळ्या लावा. चाळण्या घ्या सगळ्या."

अप्पा मैदानावर पहिल्यांदा गेले ते असे. डोक्यावर टोपी, मागे हमाल आणि हमालांच्या हातांत धान्याच्या मोठमोठ्या चाळण्या. त्यांनी विचारलं, "गोल कुठला?" अण्णाची गंजी फाडणारा तो बॅक तिथंच बसून होता. सकाळपासून तो घरी गेला नव्हता. तो पुढे आला आणि मान खाली घालून म्हणाला, "हियांच गिरा चच्चा. मेरे हाथ से हुआ." अप्पांनी त्याच्या हातात एक चाळण दिली.

मग अप्पांनी गोलसमोरची जागा चुन्यानं आखली आणि तिचे वाफे पाडले. एका वाफ्याची धूळ आणि भेगांतली माती फावड्यानं काढायची, ढेकळं फोडायची, चाळायची, चाळलेली माती मागे टाकायची, मग पुढचा वाफा. भुसारी माणूस होते ते. खळ्यावरून आलेल्या ज्वारीतून खडे काढण्यात त्यांची हयात गेली होती. गिरणीचा भोंगा झाला तसे संघातले खेळाडू आले आणि पाळीवरून सुटलेले कामगारही थांबले. धुळीत माणसं ओळखू येत नव्हती. कुणी गंमत म्हणून ओरडलं, "शेट, काय भाव लावलाय मातीला?" अप्पा हसले. मैदानावर अप्पा हसले, हे मी घरी अव्वाला सांगितलं तर तिला पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंग त्या बॅकच्याच चाळणीत आलं, अजून कापडात गुंडाळलेलं. त्यानं हात लावला नाही. चाळण तशीच दोन्ही हातांनी धरून तो अप्पांपर्यंत चालत आला. अप्पा खाली बसले आणि रडले. मीही रडले, लाजायचं काय त्यात!

बार्शीपलीकडे कधी न गेलेले अप्पा त्या दुपारी हैदराबादच्या गाडीत बसले. पण गाडीला यायला उशीर झाला, वाटेत आणखी झाला, आणि ते शोधत शोधत त्या मैदानावर पोचले तेव्हा चाचणी संपली होती. अण्णा कडेला झाडाखाली आडवा पडला होता. पळताना दोनदा त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. समोर रिकामा गोल असताना त्याचा चेंडू बाहेर गेला होता. निवडलेल्यांची नावं वाचून झाली होती.

अप्पांनी त्याला नळाखाली अंघोळ घातली, लिंग हातात दिलं आणि पूजा होईपर्यंत थांबले. मग येताना आणलेलं अव्वाच्या भाकरीचं गाठोडं सोडलं. परतीच्या गाडीत अप्पांनी एवढंच विचारलं, "निवडणारा तो मोठा माणूस. त्यानं विचारलं का तुला, जेवलास का म्हणून?"

"न्हाय."

"आमी हमालाला पोतं उचलायला लावायच्या आधी विचारतो," अप्पा म्हणाले. हे अण्णानं मला नंतर सांगितलं.

त्यानंतर अप्पा सामन्यांना यायला लागले. गोल झाला तरी टाळ्या वाजवायचे नाहीत, पण सामना संपल्यावर अण्णासाठी धोतराच्या सोग्यात शेंगदाणे-गूळ तयार असायचा. अण्णा पुढची दोन-तीन वर्षं फार सुरेख खेळला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या संध्याकाळी त्याच. पण देशासाठी त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. आणि मग गुडघा गेला.

गुडघा गेल्यावर तो खाटेवर पडून असायचा. एकदा मी त्याला डिवचण्यासाठी म्हटलं, "एवढं काय तोंड पाडून बसायचं? तसाही तू देशाकडून खेळणारच नव्हतास." तो चिडला नाही. "तेच कळत न्हाय की," तो म्हणाला. "त्या दिवशी मी कच्चा होतो का उपाशी होतो? कच्चा असतो तर गप बसलो असतो. पण ते आता कुणालाच कळणार न्हाय." मी त्याचा गुडघा शेकत राहिले.

खाटेवरून उठला तो शिकवायलाच. आधी गिरणीचा संघ, मग राज्याचा. मधे पंजाबात जाऊन प्रशिक्षणाचं रीतसर शिक्षण घेतलं. आणि बऱ्याच वर्षांनी देशाचा संघ त्याच्या हाती आला. पेपरात फोटो आला तेव्हा अप्पा थकले होते. गिऱ्हाइकांना म्हणायचे, "थोरला सरकारी खेळाचा मास्तर झालाय," आणि फोटो दाखवायला विसरायचे.

त्याच्या पहिल्याच शिबिराचा किस्सा मला वर्तमानपत्रात नाही, त्याच्याच तोंडून कळला. सुट्टीत घरी आला होता, मी भाकरी वाढत होते. चाचणीच्या सकाळी एक मुलगा त्याला मलूल दिसला. डोंगराळ मुलखातला पोरगा, शिबिरातलं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं आणि भीतीनं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णानं त्याला मैदानातून बाहेर काढलं, आचाऱ्याला सांगून मऊ भात करायला लावला आणि त्या एका मुलासाठी चाचणी पुन्हा घेतली, दोन दिवस थांबून. अधिकारी खवळले. वेळापत्रक, नियम, तिकिटं, सगळं ऐकवलं त्यांनी.

"मग?" मी विचारलं. "घेतलास का त्याला?"

"न्हाय घेतला," अण्णा म्हणाला. "कच्चा होता."

मला इतका राग आला त्याचा. "मग एवढा खटाटोप कशाला केलास रे?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "पोट भरलेलं असताना कच्चा होता गं. ते मी बघितलं, आणि त्यानंबी बघितलं. आता ते पोरगं सुखानं घरी गेलं."