नेर्मिनच्या मैत्रिणी

नेर्मिन तुर्कस्तानातल्या कायसेरीहून किर्गिझस्तानात बिश्केकला आली तेव्हा दोनच वर्षं राहायचं ठरलं होतं. नवरा रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. काम संपलं की परत. पण कामातून काम निघत गेलं आणि बघता बघता अकरा वर्षं झाली.

सुरुवातीलाच तिला इल्झे भेटली. लातवियाची, पाण्याच्या एका प्रकल्पावर आलेली. दोघी मोडक्यातोडक्या रशियनमध्ये तासन्‌तास बोलायच्या. पाचव्या महिन्यात नेर्मिनचं पोटातलं मूल गेलं, तेव्हा इल्झे रजा टाकून चार दिवस तिच्या उशाशी बसून होती. मग प्रकल्प संपला. जाताना इल्झे म्हणाली, दर आठवड्याला फोन करीन. वर्षभर केला. मग वाढदिवसापुरता उरला. नंतर तोही आला नाही.

नेर्मिनने ते मनाला फार लावून घेतलं. नवी कुणी परदेशी बाई भेटली की नाव विचारायच्या आधी ती विचारायची, "करार किती वर्षांचा?" तीनच्या आत आकडा आला की दोन गोड शब्द आणि रामराम.

एकदा अंगणात तिने एका कोरियन शिक्षिकेला असंच वाटेला लावलं. तळमजल्यावरची बुरुल खिडकीतून बघत होती. अठ्ठावीस वर्षं ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेली विधवा. आवाज अजून गर्दीवर ओरडण्याइतका.

"काय गं, माणसं पळवून लावतेस होय?"

"आठ महिन्यांत जाणार ती, एजे. जीव लावून काय करू? तुमच्यासारखं इथलं माणूस बरं." नेर्मिन तिला इथल्या रीतीने एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

"मग ये की आत. पण माझ्याकडे रशियन चालत नाही. किर्गिझ शिकावं लागेल."

नेर्मिन शिकली. चार वर्षं रोज दुपारी ती बुरुलकडे असायची. एकदा तिने माहेरच्या पद्धतीची मांती, खिमा भरलेले दाण्याएवढे उकडलेले मोदक, करून नेली.

बुरुलने चष्मा लावून ताटात डोकावून पाहिलं. "हे खायचं की पेरायचं?"

"आमच्याकडे एका चमच्यात चाळीस मावल्या तरच सून हुशार म्हणतात."

"आमच्याकडे चार खाऊन पोट भरलं तर."

दोघी हसून हसून दमल्या.

पाचव्या वर्षी बुरुलने चहा ओतता ओतता सांगितलं, "लेकीला तिसरं होतंय. रशियात, कझानला बोलावलंय. घर विकलं मी."

नेर्मिन कप तसाच ठेवून उठली. तीन दिवस ती खाली उतरली नाही. चौथ्या दिवशी गुडघे धरत, धापा टाकत बुरुलच चार जिने चढून आली.

"रुसलीस?"

"तुम्ही तर इथल्याच ना, एजे? तुम्ही कशा जाता?"

"माझ्या दोन बहिणी वारल्या. शाळेतली मैत्रीण जर्मनीला गेली. मी इथंच होते, तरी गेल्या. तुला कुणी सांगितलं की गावातली माणसं जात नाहीत?" ती खुर्चीत टेकली. "चहा टाक. आणि सामान बांधायला ये, माझ्याच्यानं वाकवत नाही."

नेर्मिन गेली. तीन दिवस दोघींनी भांडी कागदात गुंडाळली, मधूनमधून भांडल्याही. स्टेशनवर हमालाने जास्त पैसे मागितले तेव्हा नेर्मिननेच त्याला अस्सल किर्गिझमध्ये झापलं. बुरुल डब्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. "जा आता घरी," ती म्हणाली, "तुझी काळजी नाही मला."

नंतर दोन दिवस नेर्मिन रडली. तिसऱ्या दिवशी तिने इमारतीच्या दारावर चिठ्ठी लावली: नव्याने आलेल्या बायकांसाठी किर्गिझ, दर शनिवारी, चौथा मजला, फी नाही.

पहिल्या शनिवारी नातेला नावाची एकच बाई आली. जॉर्जियाची, सात महिन्यांसाठी आलेली. ती गेली तेव्हा नेर्मिन तिला विमानतळावर सोडायला गेली, गळ्यात पडून रडली, आणि येताना बाजारातून सहा नव्या खुर्च्या घेऊन आली. बायका वाढल्या होत्या. दोघींना खिडकीच्या कट्ट्यावर बसावं लागत होतं.